गोटी परत टाकली तरी अट कशाला लागते

अकरावी-बारावीच्या पोरांना प्रॉबॅबिलिटी शिकवताना गाडी हमखास एकाच जागी अडते, विथ रिप्लेसमेंटच्या गणितात. गणित दिसायला एकदम साधं असतं. पिशवीत ५ लाल, ३ हिरव्या आणि २ पिवळ्या गोट्या आहेत, एक काढली, रंग बघितला, परत टाकली, पिशवी हलवली, दुसरी काढली. पहिली लाल आली असेल तर दुसरी लाल येण्याची शक्यता किती? उत्तर ५/१०, म्हणजे अर्धी. पोरं उत्तर बरोबर काढतात पण, आणि मग कोणीतरी एक पोरगं, बहुतेक पारोळ्याकडचं नाहीतर धरणगावकडचं, घरात अहिराणीच बोलणारं, हळूच विचारतं, "मॅडम, मंग कंडिशन कसाले?" म्हणजे पहिली लाल आली काय नि हिरवी आली काय, उत्तर अर्धंच राहणार असेल तर ती अट गणितात घातलीच कशाला.

मला हा प्रश्न मनापासून आवडतो. विचारणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी बावळट विचारलं, पण अख्ख्या धड्यात इतका मुद्द्याचा प्रश्न दुसरा नाही. त्याला सहसा जे उत्तर मिळतं ते असं, की बाबा रे घटना इंडिपेंडंट आहेत, म्हणजे एकीचा दुसरीवर काही परिणाम नाही, परत टाकलीय ना, मग अट सोडून दे. पोरं तेवढं पाठ करतात, की रिप्लेसमेंट दिसलं की कंडिशन गेली उडत. परीक्षेत चारपैकी तीन वेळा चालून पण जातं. पण हा नियम खरा नाही, आणि तो खोटा का आहे हे समजून घेताना जेवढी प्रॉबॅबिलिटी समजते तेवढी दहा गणितं सोडवून समजत नाही, म्हणून आज जरा लांबलचक लिहितेय.

आधी अट म्हणजे काय ते. मी फॉर्म्युला नंतर देते, आधी जोड्या मोजायला लावते. दहा गोट्यांना मनातल्या मनात नंबर द्या. पहिल्यांदा दहापैकी कोणतीही, दुसऱ्यांदा परत दहापैकी कोणतीही, म्हणजे एकूण १०० जोड्या, सगळ्यांना सारखाच चान्स. कोणी काही सांगितलं नसेल तर आपण शंभरात मोजतो. कोणी काही सांगितलं की त्या शंभरातल्या काही जोड्या बाद होतात आणि आपण उरलेल्यात मोजतो, बस एवढीच कंडिशनल प्रॉबॅबिलिटी. पहिली लाल आहे म्हटलं की ५० जोड्या उरल्या, त्यातल्या २५ मध्ये दुसरीही लाल, म्हणून २५/५०. गोटी परत टाकलीच नसती तर एकूण जोड्या ९०, पहिली लाल असलेल्या ४५, दोन्ही लाल २०, म्हणून २०/४५ म्हणजे ४/९. इथपर्यंत कोणाची तक्रार नसते.

तक्रार इथून पुढे सुरू होते. परत न टाकता दोन काढल्या, पहिली न बघता खिशात ठेवली, दुसरी बघितली तर लाल. आता खिशातली पहिली लाल असण्याची शक्यता किती? वर्गात निम्मी पोरं म्हणतात ५/१०, कारण मॅडम पहिली तर आधीच काढली होती, तेव्हा पिशवीत दहा होत्या, नंतर आलेल्या गोटीने आधीच्या गोटीला काय फरक पडणार. मोजून बघा. दुसरी लाल असलेल्या जोड्या ४५, दोन्ही लाल २०, उत्तर ४/९. तेच. खिशातल्या गोटीचा रंग बदलला नाही हो, ती जी होती तीच आहे, आपल्याला त्या गोटीबद्दल जे माहीत होतं ते बदललं. मी या ठिकाणी मुद्दाम पाच-दहा मिनिटं थांबते कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. पिशवीत काय घडतंय ही एक गोष्ट आणि आपल्याला काय कळलंय ही दुसरी, आणि अट नेहमी दुसऱ्या गोष्टीबद्दल असते.

आता परत रिप्लेसमेंटकडे. त्याच पिशवीतून, परत टाकून, दोन गोट्या काढल्या. मला एवढंच सांगितलं की दोघींपैकी निदान एक तरी लाल आहे. दोन्ही लाल असण्याची शक्यता किती? पाठ केलेला नियम म्हणतो अट सोडा, उत्तर २५/१००. दुसरा कोणी म्हणतो एक तर लाल आहेच, दुसरी लाल असण्याची अर्धी, उत्तर १/२. मोजलं तर काय येतं? शंभरातल्या २५ जोड्यांमध्ये एकही लाल नाही, त्या बाद. उरल्या ७५, त्यात दोन्ही लाल २५. उत्तर १/३. गोटी परत टाकली होती, दोन्ही वेळा पिशवी अगदी सारखी होती, दोन्ही ड्रॉ एकमेकांपासून पूर्ण मोकळे होते, तरी अटीने उत्तर हललं. का हललं, तर ही अट एकट्या पहिल्या गोटीबद्दल नाहीये, दोन्ही गोट्यांना मिळून आहे. जी अट दोघींना एकत्र बांधते ती इंडिपेंडन्सला जुमानत नाही.

अजून एक घ्या, हे मी हल्ली टेस्टमध्ये टाकते. दोन्ही गोट्या वेगवेगळ्या रंगाच्या निघाल्या एवढं माहीत आहे, तर त्यात पिवळी असण्याची शक्यता किती. एकाच रंगाच्या जोड्या २५ अधिक ९ अधिक ४, म्हणजे ३८. वेगळ्या रंगाच्या ६२. त्यात लाल-हिरवी ३०, लाल-पिवळी २०, हिरवी-पिवळी १२. पिवळी असलेल्या ३२. म्हणून ३२/६२, म्हणजे १६/३१, निम्म्याच्या थोडं वर. अट नसती तर पिवळी निदान एकदा येण्याची शक्यता ३६/१०० होती. बघा किती उडी आहे, आणि रिप्लेसमेंट तर आहेच. कारण पण साधं आहे, पिशवीत लाल जास्त असल्यामुळे लाल-लाल जोड्या भरपूर होत्या आणि नेमक्या त्याच अटीने बाद झाल्या.

आता यातला सगळ्यात नाजूक भाग, आणि इथे मला पुस्तकांवर थोडा रागच येतो कारण पुस्तकं हे सांगतच नाहीत. "निदान एक लाल आहे" हे आपल्याला कळलं कसं? समजा मैत्रिणीने दोन गोट्या काढून रंग वहीत लिहिले आणि मी विचारलं, काय गं, एखादी तरी लाल आहे का, ती म्हणाली हो. मग उत्तर १/३, वर मोजलं तसंच. पण समजा मी काहीच विचारलं नाही आणि तिने लिहिलेल्या दोनपैकी कुठलाही एक रंग सहज वाचून दाखवला आणि तो लाल निघाला, तर? आता मलाही एवढंच माहीत आहे की निदान एक लाल आहे. पण दोन्ही लाल असलेल्या २५ जोड्यांमध्ये ती दरवेळी लालच वाचणार, आणि एक लाल-एक दुसरी अशा ५० जोड्यांमध्ये ती निम्म्या वेळाच लाल वाचणार, म्हणजे २५. एकूण ५०, त्यात दोन्ही लाल २५. उत्तर १/२. वाक्य तेच, गोट्या त्याच, पिशवी तीच, आणि उत्तर १/३ चं १/२ झालं, कारण माहिती आपल्यापर्यंत वेगळ्या रस्त्याने आली.

हे आपल्या शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला न शिकवता कळतं. कापसाची गाडी जिनिंगला लागली की व्यापारी वरवरचा कापूस बघून भाव करत नाही, तो ढिगात कोपरापर्यंत हात खुपसतो आणि आतून मूठभर ओढून काढतो, ओलावा बघतो, कवडी म्हणजे खराब कापूस बघतो. वरचा कापूस पण पांढराशुभ्र आणि आतून काढलेला पण पांढराशुभ्र, हातात दिसणारी मूठ सारखीच, पण एक मूठ दाखवलेली आहे आणि एक मूठ स्वतः निवडून काढलेली आहे, म्हणून त्या दोन मुठींवरून गाडीबद्दल सारखाच अंदाज बांधणारा व्यापारी खान्देशात सापडणार नाही. मुठीच्या गोष्टीत तो कापूस काही ढिगात परत टाकून हलवत नाही हे खरं, पण मोठ्या ढिगाला त्याने काही फरक पडत नाही. हजार गोट्यांमध्ये ५०० लाल असतील आणि एक लाल काढून बाजूला ठेवली तर पुढची लाल येण्याची शक्यता ४९९/९९९, अर्ध्याच्या इतकी जवळ की वहीत फरक दिसणारच नाही. दहा गोट्यांच्या पिशवीत मात्र तोच फरक १/२ आणि ४/९ चा होतो. म्हणून पोरांनो, परत टाकली की नाही हा प्रश्न लहान पिशवीतच जिवावर बेततो.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पत्ते बसतात हे खान्देशातल्या कोणाला सांगायला नको, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, बाया झोक्यावर गाणी म्हणत असतात आणि बाप्ये लिंबाखाली नाहीतर कोणाच्या ओट्यावर पत्ते कुटत असतात. तिथे दोन प्रकारचं बोलणं कानावर येतं. एक जण म्हणतो दोन राजे गेलेत, आता राजा येणं अवघड. दुसरा म्हणतो कधीपासून आपल्याला राजा आला नाही, आता येणारच. पहिला माणूस त्याच डावात बोलत असेल तर तो बरोबर आहे, कारण वाटलेला पत्ता गड्डीत परत जात नाही. ५२ पत्त्यांतला एक राजा समोर उघडा पडला की उरलेल्या ५१ मध्ये ३ राजे, शक्यता ४/५२ वरून ३/५१ वर येते, आणि दोन दिसले तर २/५० वर. दुसरा माणूस मात्र मागच्या डावांचा हिशेब धरून बसलाय. डाव संपला, सगळे पत्ते गोळा झाले, पिसले, की ते विथ रिप्लेसमेंट झालं. गड्डीला मागचा डाव ठाऊक नसतो. लक्षात ठेवणारा तो स्वतः.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण १९१३ च्या ऑगस्टमधलं, मोंटे कार्लोच्या कसिनोतलं. रूलेटच्या चाकावर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. रूलेट म्हणजे परत टाकून काढण्याचंच यंत्र, त्या चाकाला ३७ घरं, १८ लाल, १८ काळी आणि एक शून्याचं, दरवेळी सगळी घरं तिथल्या तिथे हजर. काळा येतोय येतोय म्हटल्यावर लोक लालवर पैसे वाढवत गेले, आता तर लाल येणारच म्हणून, आणि बुडाले. सव्वीस वेळा ओळीने काळा येण्याची शक्यता साधारण पावणेचौदा कोटीत एक, हे खरं आहे, पण पंचवीस वेळा काळा येऊन गेल्यावर सव्विसाव्यांदा काळा येण्याची शक्यता तीच १८/३७. पहिला आकडा अटीशिवायचा आहे, दुसरा अटीसकट. लोक पहिला आकडा मनात धरून दुसऱ्यावर पैसे लावतात.

पण थांबा, इथे एक गोष्ट राहून जाते आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. चाक चोख आहे हे आपण गृहीत धरलं. पंचवीस वेळा काळा आल्यावर एखाद्याला शंका आली की बुवा या चाकातच काही खोट असेल, तर त्याने कोणत्या रंगावर पैसे लावावेत? काळ्यावर! चाक चोख असेल तर दोन्ही रंग सारखे, चाकात खोट असेल तर काळा भारी. म्हणजे लाल भारी ठरेल अशी एकही बाजू नाही. आणि "चाक कसं आहे हे मला नक्की माहीत नाही" असं ज्या क्षणी आपण म्हणतो त्या क्षणी मागचे निकाल पुढच्या निकालाबद्दल बोलायला लागतात, भले दरवेळी घरं तीच का असेनात.

तर आता त्या पोराच्या प्रश्नाचं खरं उत्तर. दोन पिशव्या घ्या, बाहेरून सारख्या. एकीत ८ लाल २ हिरव्या, तिला लालवाली म्हणू. दुसरीत २ लाल ८ हिरव्या, ती हिरवीवाली. नाणं उडवून एक पिशवी उचलली, कोणती ते आपल्याला माहीत नाही. त्यातून गोटी काढायची, बघायची, परत टाकायची, हलवायची, परत काढायची. पहिली लाल आली. दुसरी लाल येण्याची शक्यता किती?

सुरुवातीला, काहीच बघितलं नव्हतं तेव्हा, लाल येण्याची शक्यता अर्धी होती, कारण दोन्ही पिशव्या मिळून २० गोट्यांत १० लाल. पहिली लाल आल्यावर परत टाकली, पिशवी होती तशी झाली. तरी आता शक्यता अर्धी राहिली नाही. लालवाल्या पिशवीतून लाल येण्याची शक्यता ०.८, हिरवीवालीतून ०.२, म्हणून एक लाल दिसल्यावर आपल्या हातात लालवाली असण्याची शक्यता ८०% झाली. दुसरी लाल येण्याची शक्यता मग ०.८ गुणिले ०.८ अधिक ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ०.६८. गोटी परत टाकली की पिशवी पहिल्यासारखी होते, आपण पहिल्यासारखे राहत नाही, कारण जे बघितलं ते बघितलं.

ज्या पहिल्या गणितात उत्तर हललं नाही तिथे पिशवीत ५ लाल, ३ हिरव्या, २ पिवळ्या हे आधीच छापून दिलं होतं. पिशवीबद्दल शिकायला काही उरलंच नव्हतं, म्हणून पहिली गोटी काही शिकवू शकली नाही. म्हणजे अट फुकट गेली त्याचं श्रेय एकट्या रिप्लेसमेंटचं नाही, रिप्लेसमेंट आणि पिशवीची पूर्ण माहिती या दोघांचं मिळून आहे. पाठ्यपुस्तकातलं जवळजवळ प्रत्येक गणित ही माहिती पहिल्या ओळीत देऊन टाकतं म्हणून पोरांना ती अट असल्याचंच कळत नाही.

आणि गंमत म्हणजे हे काम ज्या माणसाने सुरू केलं त्याने पिशवी झाकूनच ठेवली होती. स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा याकोब बेर्नुली १७०५ मध्ये वारला, त्याचं पुस्तक त्याच्या मागे १७१३ साली छापलं गेलं. त्यात उदाहरण असं, की एका भांड्यात ३००० पांढरे आणि २००० काळे खडे आहेत पण तुला ते माहीत नाही, तू एकेक खडा काढतोस, बघतोस, आणि आतले खडे कमी होऊ नयेत म्हणून दरवेळी परत टाकतोस, तर किती वेळा काढल्यावर आतल्या प्रमाणाचा भरवसा येईल? त्याने हिशेब पण केला. काढलेल्या खड्यांत पांढऱ्यांचं प्रमाण २९/५० आणि ३१/५० च्या दरम्यान येण्याची शक्यता न येण्याच्या हजारपट हवी असेल तर त्याच्या हिशेबाने २५,५५० वेळा काढावं लागेल. आजच्या पद्धतीने त्यापेक्षा पुष्कळ कमी वेळात काम होतं, पण तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी कॅल्क्युलेटर नसताना तो आकडा काढणं म्हणजे काय ते गणिताच्या माणसाला विचारा. नंतर इंग्लंडमधला पाद्री थॉमस बेझ, तो १७६१ मध्ये गेला, त्याच्या कागदांत सापडलेला लेख रिचर्ड प्राइस या त्याच्या मित्राने १७६३ मध्ये छापून आणला, त्यात हाच प्रश्न उलट्या बाजूने धरलेला होता, निकाल समोर आहेत तर त्यामागच्या शक्यतेबद्दल काय म्हणता येईल. अकरावी-बारावीच्या पुस्तकात बेझचं प्रमेय दोन पिशव्यांच्या गणितात येतं ते इथूनच. आमच्याकडे पोरं ते सूत्र घोकतात, वरती एक गुणाकार, खाली दोन गुणाकारांची बेरीज, आणि त्याचा रिप्लेसमेंटशी काही संबंध आहे असं त्यांना वाटतच नाही कारण ती दोन गणितं दोन वेगळ्या एक्सरसाइजमध्ये असतात!

दोन पिशव्यांचा खेळ पुढे चालू ठेवू. पहिली लाल, दुसरीही लाल. आता लालवालीचं पारडं ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४ आणि हिरवीवालीचं ०.२ गुणिले ०.२ म्हणजे ०.०४, म्हणजे १६ ला १. तिसरी लाल येण्याची शक्यता १३/१७, साधारण ०.७६. लाल येतच राहिली तर ही शक्यता वाढत वाढत ०.८ च्या जवळ जाते पण ०.८ कधी ओलांडत नाही, कारण पिशवी लालवालीच आहे हे पक्कं कळलं तरी तिच्यात ८०% च लाल आहेत. आणि पहिली लाल, दुसरी हिरवी आली तर? दोन्ही पारडी ०.१६, बरोबरीत. जिथून सुरुवात केली तिथेच परत आलो, पुढची लाल येण्याची शक्यता पुन्हा अर्धी. एक लाल म्हणजे लालवालीचं पारडं चौपट, एक हिरवी म्हणजे हिरवीवालीचं चौपट, एकमेकींना खोडून टाकतात. कोणत्या क्रमाने आल्या त्याला महत्त्व नाही, लाल किती जास्त आल्या एवढंच बघायचं.

दोनच पिशव्या का, पिशवीत लालचं प्रमाण शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं आणि सगळी प्रमाणं सारखीच शक्य मानली तर? हा हिशेब फ्रान्सच्या लाप्लासने १७७४ मध्ये मांडला. एक लाल दिसल्यावर पुढची लाल येण्याची शक्यता २/३, दोन लाल दिसल्यावर ३/४, तीन दिसल्यावर ४/५, असं पुढे. आता याच्या शेजारी एक वेगळाच खेळ ठेवा, पोल्याचा, जो १९२३ मध्ये एगेनबर्गर आणि पोल्या या गणितज्ञांनी मांडला. भांड्यात १ लाल आणि १ हिरवी गोटी, सगळं उघड, काही लपवलेलं नाही. एक काढायची, परत टाकायची आणि सोबत त्याच रंगाची अजून एक टाकायची. पहिली लाल आली तर भांड्यात २ लाल १ हिरवी, पुढची लाल येण्याची शक्यता २/३. ती पण लाल आली तर ३/४. मग ४/५. आकडे हुबेहूब तेच! एका खेळात पिशवी जराही बदलत नाही, फक्त आपलं ज्ञान वाढतं. दुसऱ्या खेळात पिशवीच बदलते आणि लपवलेलं काहीच नाही. आणि बाहेर बसून नुसती लाल-हिरव्यांची यादी बघणाऱ्या माणसाला या दोनपैकी कोणता खेळ चाललाय हे कितीही लांब यादी दिली तरी ओळखता येणार नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा झोप उडाली होती आणि अजूनही वर्गात सांगताना अंगावर काटा येतो, सिलॅबसमध्ये नाही तरी सांगते.

घरी करून बघायचं असेल तर गोट्या पण लागत नाहीत, शर्टाची दोन रंगांची बटणं नाहीतर तुरीचे किंवा हरभऱ्याचे रंगवलेले दाणे चालतील, फक्त आकार सारखा असला पाहिजे नाहीतर बोटांना कळतं, म्हणून तूर आणि हरभरा मिसळू नका, एकच धान्य घेऊन निम्मं रंगवा. दोन सारख्या डब्या करा, एकीत ८-२, दुसरीत २-८, घरातल्या कोणाला तरी गुपचूप एक उचलून द्यायला सांगा. दरवेळी काढल्यावर परत टाकून नीट हलवा, न हलवता वरचीच उचलली तर सगळा हिशेब चुकतो. वहीत फक्त लाल वजा हिरव्या लिहीत जा.

आणि मग हा प्रश्न सोडवा. एका मुलीने दोनदा काढलं, दोन्ही लाल. दुसरीने दहादा काढलं, ६ लाल, ४ हिरव्या. आपल्या हातात लालवाली पिशवी आहे याची खात्री कोणाला जास्त असावी? वर्गात बहुतेक जण पहिलीचं नाव घेतात, शंभर टक्के लाल आल्या ना तिला, आणि काही जण दुसरीचं घेतात, कारण तिने जास्त वेळा काढलं. हिशेबाने दोघींची खात्री अगदी सारखी, १६ ला १, कारण दोघींच्या लाल हिरव्यांपेक्षा दोननेच जास्त आहेत.

पण हे पिशव्या दोनच असतील तेव्हा. आता तिसरी पिशवी ठेवा, ५ लाल ५ हिरव्यांची, आणि तिन्ही सारख्याच शक्य धरा. गोट्या त्याच, निकाल तेच. पहिल्या मुलीच्या हिशेबात लालवाली साधारण ६९% वर येते, तिसरी पिशवी २७% वर. दुसऱ्या मुलीच्या हिशेबात मात्र लालवाली २९% च्या आसपास घसरते आणि ती नवी निम्मी-निम्मी पिशवी ६९% वर जाऊन बसते. मघाशी दोघींचं उत्तर एक होतं, आता दोघी दोन वेगळ्या पिशव्यांवर बोट ठेवतात, आणि मधल्या काळात एकही नवीन गोटी काढलेली नाही.